कार्बनच्या दंडाला घाबरून रिडेव्हलपमेंटवर सही करू नका

पत्र असं आहे (थोडं कापलंय, नाव काढलंय):

"नमस्कार. डोंबिवली पूर्वेला आमची ३२ फ्लॅटची सोसायटी आहे, तळ अधिक चार, १९८७ ची, लिफ्ट नाही, प्लॉट साधारण १२०० चौरस मीटरचा. मी सेक्रेटरी आहे, म्हणजे दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं म्हणून. एक बिल्डर रिडेव्हलपमेंटसाठी मागे लागलाय. त्याचा माणूस मीटिंगला येऊन सांगून गेला की केंद्राचा नवीन कायदा आलाय, जुन्या बिल्डिंगना कार्बनचा दंड बसणार, २०३० नंतर तर फ्लॅट विकताही येणार नाहीत, त्यापेक्षा लवकर सही करा, आम्ही गोल्ड सर्टिफिकेटवाली ग्रीन बिल्डिंग देतो, वर कार्बन क्रेडिटचे पैसे दरवर्षी सोसायटीला मिळतील. लोक घाबरलेत. त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मुलगा न्यूयॉर्कला असतो, तो म्हणाला की आमच्या इथे खरंच असा दंड आहे, झालं, ग्रुपवर आगच लागली. दुसरं म्हणजे आमचं कॉमन मीटरचं बिल फार येतं. पाच एचपीचा पंप रोज चार तास चालतो, जिन्यात जुन्या ट्यूब आहेत. सोलर लावावं का? की बिल्डिंग पाडायचीच आहे तर कशाला खर्च करायचा?"

ताई, आधी सरळ उत्तर. तुमच्या १९८७ च्या बिल्डिंगला कार्बनचा दंड लावणारा कुठलाही नियम आज आपल्याकडे नाही. फ्लॅट विकता येणार नाही असा तर अजिबातच नाही. त्या माणसाला पुढच्या मीटिंगला एवढंच विचारा की कुठला कायदा, कितवं कलम, आणि ते लेटरहेडवर लिहून द्या म्हणावं. मिनिट्समध्ये नोंद करा. बहुतेक तो विषय तिथेच बदलेल.

आता अफवा कुठून आली ते बघू, कारण ती शंभर टक्के हवेतली नाहीये, म्हणून तर लोकांना खरी वाटते. आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००७ मध्ये इमारतींसाठी ईसीबीसी नावाचा कोड आला, तो ऑफिसं, मॉल, हॉटेलं, हॉस्पिटलं अशा मोठ्या कमर्शियल इमारतींसाठी. राहत्या घरांसाठी २०१८ च्या डिसेंबरमध्ये इको निवास संहिता आली, ती भिंती, खिडक्या आणि छपराबद्दल बोलते, आणि २०२१ मध्ये तिच्यात लिफ्ट, पंप, कॉमन लाइट वगैरेची भर पडली. मग २०२२ ला मूळ कायद्यातच दुरुस्ती झाली, १ जानेवारी २०२३ पासून लागू, आणि त्यात राहत्या इमारती पहिल्यांदा कायद्याच्या कक्षेत आल्या. किमान मर्यादा १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणीची, राज्य सरकारला वाटलं तर ती आणखी खाली आणता येते. कायद्यातल्या इमारतीच्या व्याख्येत अस्तित्वात असलेल्या इमारतींचाही उल्लेख आहे, तेवढा धागा धरून त्या माणसाने गोधडी शिवली. पण प्रत्यक्ष संहितेचे भिंत-खिडकीचे आकडे आहेत ते नवीन बांधकामासाठी, आणि तेही राज्याने आपल्या नियमांत घेतल्यावर, महापालिकेने प्लॅन पास करताना बघायचे असतात. चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या भिंतीला मागे जाऊन कोणी नोटीस देत नाही.

आणि गंमत बघा, रिडेव्हलपमेंट केलीत की तुमची बिल्डिंग नवीन होते. म्हणजे हे नियम तुमच्यासाठी नाहीत, त्याच्यासाठी आहेत! २०१८ ची संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी लिहिलेली आहे, तुमचा १२०० चा आहे. ज्या कायद्याची भीती तो तुम्हाला दाखवतोय तो उद्या त्याच्या आर्किटेक्टच्या टेबलावर असायला हवा.

न्यूयॉर्कचं मात्र खरं आहे, काकांच्या मुलाला खोटं पाडू नका. तिथे २०१९ मध्ये लोकल लॉ ९७ झाला. २५ हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींना, नवीन असो की शंभर वर्षं जुनी, दर चौरस फुटामागे कार्बनची मर्यादा ठरवून दिली, २०२४ पासून ती लागू आहे आणि मर्यादेच्या वरच्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड. २०३० पासून मर्यादा आणखी आवळली जाते, तुमच्या बिल्डरचा २०३० चा आकडा तिथूनच उचललेला असावा. "विकता येणार नाही" हे बहुतेक इंग्लंडमधल्या नियमाचं भाषांतर आहे, तिथे घराच्या एनर्जी सर्टिफिकेटला किमान ई ग्रेड नसेल तर साधारणपणे ते भाड्याने देता येत नाही. भाड्याने हं, विकायला नाही. त्या देशांत जुन्या इमारतींच्या मागे लागण्याला कारण आहे. न्यूयॉर्क शहराच्या एकूण उत्सर्जनातला सुमारे दोन तृतीयांश वाटा इमारतींचा, तळघरात गॅसचे नाहीतर तेलाचे बॉयलर, हिवाळाभर ते पेटलेले, आणि शहरात नवीन बांधायला जागा कमी, त्यामुळे जुन्याला हात लावल्याशिवाय आकडा हलतच नाही. आपल्याकडे उलटं आहे, बांधकाम अजून व्हायचंय, म्हणून सरकारने नवीनपासून सुरुवात केली. पुढे कधी जुन्यांसाठीही काही येईल का? येऊ शकतं. पण त्या शक्यतेवर आज ३२ कुटुंबांनी घर रिकामं करायचं नसतं.

कार्बन क्रेडिटचं तर सोडूनच द्या. केंद्राने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची योजना जाहीर केली ती सिमेंट, ॲल्युमिनियम असल्या कारखान्यांना डोळ्यासमोर ठेवून. ३२ फ्लॅटच्या सोसायटीला त्यातून दरवर्षी चेक येईल असं कोणी सांगत असेल तर त्याला म्हणा, रक्कम ॲग्रीमेंटमध्ये टाका आणि नाही आली तर तुम्ही भरा.

मग रिडेव्हलपमेंट करायची की नाही? ते स्ट्रक्चरल ऑडिटवर ठरवा, कार्बनवर नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट तसंही करावंच लागतं. कॉलमचं सळई-काँक्रीट खराब झालं असेल, लिफ्ट नसल्याने चौथ्या मजल्यावरच्या आजी घरात अडकल्या असतील, तर रिडेव्हलपमेंटला ही कारणं पुरेशी आणि प्रामाणिक आहेत. पण "पर्यावरणासाठी पाडूया" हे मला पटत नाही, एक टन सिमेंट बनवताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि नव्या टॉवरला असे शेकडो टन लागतात, वर लोखंड वेगळं, वर तुमचा डेब्रिज कुठल्या खाडीत जाऊन पडणार ते वेगळंच.

पण समजा ऑडिट वाईट आलं आणि करायचीच ठरली. मग मात्र खरं भांडण इथे आहे आणि ते आत्ताच करायचं, प्लॅन सबमिट व्हायच्या आधी. सोसायट्या काय करतात, जादा कार्पेट, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम), भाडं आणि पार्किंग यावर सहा महिने घासाघीस करतात आणि भिंत कशाची, खिडकी कशी हे बिल्डरवर सोडतात. फरशी पाच वर्षांनी बदलता येते हो, भिंत येत नाही.

भिंतीचं सांगते. हल्ली उंच टॉवरला मायवान शटरिंग लावतात, म्हणजे सगळ्या भिंती काँक्रीटच्या, एकदम ओतलेल्या. काम पटापट होतं, बिल्डरला बरं पडतं. पण साध्या १५० मिमी काँक्रीटच्या भिंतीतून उष्णता जाण्याचा आकडा, ज्याला यू-व्हॅल्यू म्हणतात, तो साडेतीनच्या वर असतो, तुमच्या आत्ताच्या नऊ इंची विटेच्या भिंतीचा दोनच्या आसपास, आणि २०० मिमी एएसी ब्लॉकचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकचा, पाऊणच्या आसपास. आकडा जितका कमी तितकं चांगलं. म्हणजे नव्या "ग्रीन" टॉवरची पश्चिमेची भिंत तुमच्या ८७ च्या भिंतीपेक्षा जास्त तापू शकते! मे महिन्यात रात्री अकरा वाजता त्या भिंतीला हात लावून बघा, कुठल्याही मायवानवाल्या टॉवरमध्ये ओळखीचं कोणी असेल तर, एसी का बंद होत नाही ते कळेल. संहितेत यासाठी आरईटीव्ही नावाचा एक आकडा आहे, भिंती आणि खिडक्या मिळून दर चौरस मीटरमागे किती उष्णता आत येते त्याचा, आणि आपल्या हवामानात तो १५ वॅटच्या वर जायला नको. बिल्डरच्या आर्किटेक्टला हे गणित करून त्याची शीट सोसायटीला द्यायला सांगा. पंधराच्या आत बसवायला त्याला फार काही आकाशातून आणायचं नाहीये, पश्चिम-दक्षिणेला एएसी ब्लॉक किंवा काँक्रीटला बाहेरून इन्सुलेशन, खिडकीवर खराखुरा छज्जा, काच जरा बरी. छज्जा एलिव्हेशनमध्ये चांगला दिसत नाही म्हणून उडवतात, तेवढं होऊ देऊ नका.

खिडकीचं गणित तर घरबसल्या तुम्हीच करू शकता. डोंबिवलीची हवा दमट, अशा हवामानासाठी संहिता म्हणते की उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ कार्पेटच्या किमान १६.६६ टक्के हवं, म्हणजे एक षष्ठांश. उघडणाऱ्या, हे महत्त्वाचं. ४५० फुटांच्या वन बीएचकेला ७५ चौरस फूट झाले. आता बिल्डरचा नेहमीचा प्लॅन घ्या, हॉलला आणि बेडरूमला पाच बाय चारची स्लायडिंग, किचनला तीन बाय चारची. स्लायडिंगची अर्धीच बाजू उघडते, दुसरी कायम काचेने झाकलेली, त्यामुळे वीस फुटांच्या खिडकीचे दहाच मोजायचे. दोन्ही मिळून वीस, किचनचे सहा, बाल्कनीचं स्लायडिंग दार सहा बाय सातचं असेल तर त्याचे एकवीस. बेरीज सत्तेचाळीस. हिशोब पूर्ण बिल्डिंगचा एकत्र धरतात, एकेका फ्लॅटचा नाही, पण सगळे फ्लॅट असेच असतील तर सरासरी कुठून वर येणार? त्याच भोकात बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांच्या खिडक्या बसवल्या तर जवळजवळ पूर्ण खिडकी मोजली जाते आणि वाराही तेवढाच येतो, मग आठ महिने पंख्यावर भागतं. बिल्डर म्हणेल उंचावर पल्ले आपटतात, तर त्याला चांगल्या बिजागऱ्या आणि स्टे असतात, खर्च थोडा वाढतो एवढंच त्याचं दुखणं आहे.

वरच्या मजल्याचे मेंबर असतील त्यांनी छप्पर बघावं. संहितेत छपराची यू-व्हॅल्यू १.२ च्या आत मागितलीये, नुसता स्लॅब आणि ब्रिकबॅट कोबा त्यात बसत नाही, इन्सुलेशनचा थर आणि वर पांढरं चायना मोझॅक असं स्पष्ट लिहून घ्या.

आता गोल्ड सर्टिफिकेट. ते फुकट देतोय असं तो म्हणाला असेल. महाराष्ट्रात मुंबई शहर सोडून बाकी बहुतेक ठिकाणी जी एकत्रित नियमावली आहे, यूडीसीपीआर, २०२० च्या डिसेंबरची, तिच्यात ग्रीन बिल्डिंगला जादा एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) मिळतो, मूळ एफएसआयच्या ३ टक्के सिल्व्हरला किंवा 'गृहा' (GRIHA) नावाच्या दुसऱ्या रेटिंगच्या तीन स्टारला, ५ टक्के गोल्डला किंवा चार स्टारला, ७ टक्के प्लॅटिनमला किंवा पाच स्टारला. तुमच्याकडे मूळ १.१ धरला तर १२०० चौरस मीटरवर १३२०, त्याचे ५ टक्के ६६ चौरस मीटर, म्हणजे साधारण ७१० चौरस फूट. तुमच्या बिल्डिंगच्या नावावर मिळणारं एक अख्खं टू बीएचके तो बाजारभावाने विकणार आणि तुम्हाला सांगणार की पर्यावरणासाठी करतोय. करू दे ना, हरकत काहीच नाही, पण त्यातला वाटा मागा, आणि पैशात नाही तर त्या खिडक्या आणि त्या भिंतीच्या रूपात मागा.

सर्टिफिकेट दोन प्रकारचं असतं हेही लक्षात ठेवा. ब्रोशरवर असतं ते प्री-सर्टिफिकेशन, म्हणजे कागदावरच्या डिझाइनला मिळालेलं. फायनल मिळतं बांधून झाल्यावर, आणि मधल्या तीन वर्षांत इन्सुलेशन कधी गायब झालं ते कोणाला कळतही नाही. म्हणून ॲग्रीमेंटमध्ये लिहा की ओसीनंतर (राहायला परवानगीचा दाखला मिळाल्यावर) अमुक महिन्यांत फायनल रेटिंग, तोपर्यंत बँक गॅरंटीचा ठरलेला भाग सुटणार नाही. वकील म्हणेल असं कोणी लिहीत नाही. कोणी मागत नाही म्हणून लिहीत नाही.

अजून एक विचारायचं राहून जातं, नवीन बिल्डिंगचं कॉमन बिल किती येणार? आज तुम्हाला लिफ्ट नाही, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) नाही, स्टॅक पार्किंग नाही, फायर पंप नाही. उद्या हे सगळं असेल आणि बिल ते आजच्या कितीतरी पट असेल. महिन्याच्या युनिटचा अंदाज लेखी मागा, गिअरलेस आणि व्हीएफडीवाल्या (गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणाऱ्या) लिफ्ट मागा, एसटीपीला वेगळा सबमीटर मागा. पेन्शनवर असलेल्या मेंबरांना मेंटेनन्सचा धक्का तिथूनच बसतो, घर मोठं मिळाल्याच्या आनंदात सुरुवातीला कोणी बघत नाही.

आता पंपाकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे. पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, रोज चार तास, म्हणजे दिवसाला पंधराएक युनिट. ३२ फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर, दिवसाला १७-१८ हजार लिटर पाणी झालं. तेवढं पाणी खालच्या टाकीतून चार मजली गच्चीवरच्या टाकीत चढवायला, पंपाची कार्यक्षमता वाईट धरली तरी, तीन युनिट लागतात. लोक जास्त पाणी वापरतात असं धरून पाच म्हणा. मग उरलेली दहा युनिटं कुठे जातात? एक तर टाकी भरून वाहतेय आणि कोणी बघत नाहीये, किंवा फूटव्हॉल्व्ह गळतोय आणि पंप चढवतो तेवढं पाणी पुन्हा खाली येतंय, किंवा पंप रिवाइंड करून करून म्हातारा झालाय, किंवा बिल्डिंगच्या आत पाइप फुटलाय आणि पाणी जमिनीत मुरतंय. एक दिवस वरची टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते वॉचमनला घड्याळ लावून बघायला सांगा, टाकीची लिटरक्षमता माहीत असेलच, आणि रात्री सगळे झोपल्यावर टाकीची पातळी आणि सकाळी चारची पातळी लिहून ठेवा. दोन रात्रींत कळेल. फ्लोट स्विच, व्हॉल्व्ह, गरज पडली तर वीज वाचवणारा, स्टार रेटिंगवाला लहान पंप, हा खर्च बिल्डिंग दोनच वर्षं राहणार असली तरी वसूल होतो. दिवसाला दहा युनिटं वाचली तर वर्षाला ३६५० झाली, आणि आपल्या मुख्यतः कोळशावरच्या ग्रिडच्या विजेचा हिशोब युनिटमागे साधारण ०.७ किलोचा, म्हणजे अडीच टन कार्बन कमी, एकही वीट न पाडता. बिल्डरच्या माणसाला हे जरूर ऐकवा.

जिन्यातल्या जुन्या ट्यूब चोकसकट पन्नासएक वॅट घेतात, वीस असतील आणि रात्रभर जळत असतील तर तीही दहा-अकरा युनिटं रोजची. अठरा वॅटच्या एलईडी लावा, मधल्या मजल्यांवर सेन्सर, याला जनरल बॉडीची वाट बघायची गरज नाही, कमिटीच्या अधिकारात होतं.

सोलरचं उत्तर रिडेव्हलपमेंटच्या तारखेवर आहे. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे, तुम्हाला पाच किलोवॅट पुरेल, म्हणजे ९० हजार, गच्चीवर सुमारे ५०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागेल, आणि दिवसाला वीसेक युनिटं मिळतील. पैसे वसूल व्हायला साधारण चार-पाच वर्षं लागतात. ऑडिट चांगलं आलं आणि बिल्डिंग अजून दहा वर्षं उभी राहणार असेल तर बिनधास्त लावा, मात्र गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी करा, पॅनल बसल्यावर गळती निघाली तर सगळं उचलावं लागतं. ऑडिट वाईट आलं तर आत्ता लावू नका, नव्या बिल्डिंगच्या ॲग्रीमेंटमध्ये टाका. आणि दोन्ही बाबतीत आधी पंप आणि ट्यूब, कारण आज तुमचा कॉमन वापर दिवसाला पंचवीसच्या आसपास दिसतोय, तो दहाच्या खाली आला तर पाच किलोवॅट लागणारच नाही, दोन-तीनमध्ये भागेल. म्हणून ऑडिटचा रिपोर्ट आणि पंपाचा निकाल हातात आल्याशिवाय सोलरवाल्याचं कोटेशन मागवू नका.